पौषातला बाजा

(लघु माहितीपट – निवेदन)

(ड्रोन. सकाळ. पाण्यावर धुकं, काठाला ऊस, दूरवर मासेमारीची एक होडी.)

मराठवाड्याला समुद्र नाही. इथल्या पोरांना तो शाळेच्या सहलीत दिसतो, नाहीतर थेट लग्न झाल्यावर. पण पैठणच्या बाजूला आलात, तर काठावर उभं राहून पलीकडचा काठ शोधत बसावं लागतं. हा नाथसागर. जायकवाडी धरणाचा जलाशय. लांबी ५५ किलोमीटर, रुंदी जिथं जास्त तिथं २७. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ ला पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे १० किलोमीटरची भिंत, २७ दरवाजे, काठोकाठ भरलं की १०२ टीएमसी पाणी. या पाण्याखाली शंभरावर गावं गेली.

(कट. काठावरचं मोकळं रान. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाठीला पाठ लावून उभ्या. वर फळ्या टाकण्याचं काम.)

आज संध्याकाळी या रानात जॅझ आणि सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत, वाजणार आहे. तिकीट नाही, पास नाही, कुंपण नाही. समोर सतरंज्या. त्याही गावातल्या भजनी मंडळाच्या. ट्रॉल्या ज्यांच्या, ते शेतकरी स्वतः फळ्या ठोकताहेत, कारण त्यांच्या मते मंडपवाल्याला उतार कळत नाही. रान पाण्याकडं उतरतं. एका ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावले, दुसरीच्या चाकाखाली जुनं जू. स्टेज सपाट झालं की नाही हे बघायला कुणीतरी फळीवर पाण्याची बाटली आडवी ठेवली. गडगडली. अजून एक दगड.

(बाटली गडगडतानाचं दृश्य पूर्ण राहू द्या. निवेदन नाही.)

महिना पौष. मुद्दाम निवडलेला. पौषात लग्नाच्या तिथी नसतात. म्हणजे मराठवाड्यातल्या बँडपार्ट्या घरी असतात. पितळी वाद्यं भिंतीवरच्या खुंटीला, गणवेश ट्रंकेत आणि माणसं मिळेल त्या कामाला. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला हंगाम इथं थबकतो आणि माघात पुन्हा पळायला लागतो. एरवी या लोकांना एका संध्याकाळसाठी एकत्र आणायचं म्हटलं तर कुणाचीतरी वरात मोडावी लागेल.

(क्लोजअप. दोन हात. ट्रम्पेट सुटा केलेला. फडकं, दात घासायचा जुना ब्रश, कोमट पाण्याची बादली.)

हे मास्तर. बँडपार्टीत जो सगळ्यांत पुढं चालतो आणि ज्याच्या हाताच्या खुणेवर गाणं बदलतं, तो मास्तर. ट्रम्पेटची तीन बटणं त्यांनी एकेक करून बाहेर काढली आहेत. मधलं बटण हंगामात अडकत होतं. वरातीतली धूळ, कुंकू, गुलाल, सगळं आत जाऊन बसतं. बघा, ब्रशाला अजून गुलाबी लागतंय. तोंडाला लावायचा तुकडा मात्र ते बादलीत टाकत नाहीत. तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात. दुसऱ्या कुणी त्याला ओठ लावलेला त्यांना चालत नाही.

(बाईट – मास्तर)
"गाणं काही लिहून नसतं हो. मोबाईलवर चार-दोन बार ऐकायचं. कानात बसलं की बोटं आपोआप पडू राहती."

(जुन्या बराकीची दगडी कमान. स्थिर दृश्य.)

हा पितळी बाजा इकडं आला कुठून? पलटणीबरोबर. औरंगाबाद, जालना, हिंगोली, आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, या गावांत निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या, छावण्या होत्या. पलटण म्हटली की कवायत आली आणि कवायतीला बँड आला. देशभर हेच झालं. आधी लष्कराचा बँड, मग त्याचं बघून संस्थानिकांचा, मग शेठसावकारांच्या लग्नातला आणि शेवटी गावोगावचा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, सॅक्सोफोन. सॅक्सोफोन तर बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं बनवला आणि १८४६ ला त्याचं पेटंट घेतलं. आज मेरठच्या जली कोठीत ही वाद्यं बनतात आणि तिथून ट्रान्सपोर्टनं देशभर जातात.

वाजवणारे हात मात्र पलटणीतून आले नाहीत. ते इथंच होते. हलगी, सनई, संबळ वाजवणारे. बहुतेक मातंग घरांतले, काही मुस्लिम घरांतले. सनईवाल्याला क्लॅरिनेट धरायला किती वेळ लागणार? फुंक तयार होती, फक्त भोकांच्या जागी चाव्या आल्या. गावातल्या प्रत्येक मंगलकार्यात ही मंडळी पुढं आणि पंगतीत शेवटी, हे मात्र वाद्य बदलून बदललं नाही.

(लग्नाच्या वरातीचं मोबाईलवरचं चित्रण. डीजेची गाडी, दिव्यांची भिंत.)

मग डीजे आला. पंधरा माणसांची पार्टी, त्यांचा टेम्पो, त्यांचं जेवण, त्यापेक्षा एक गाडी आणि एक पोरगा परवडतो, असा हिशोब घराघरांत झाला. त्यात २०२० आणि २०२१, अख्ख्या दोन उन्हाळी लग्नसराया टाळेबंदीत गेल्या. कितीतरी जणांनी वाद्यं विकली.

(कट. दुपार. आगटीभोवती घोळका. गोवऱ्यांचा धूर, हुरडा चोळणारे तळहात.)

हुरड्याचे दिवस आहेत, त्यामुळं तालीम आगटीभोवतीच. एका बाजूला मास्तरांची पार्टी. दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरहून आलेली कॉलेजची पोरं. बास गिटार, ड्रमसेट, कीबोर्ड. पहिला अर्धा तास एकमेकांचं काहीच कळत नाही. मास्तर विचारतात, पट्टी कोणती? पोरगा म्हणतो, बी फ्लॅट. मास्तर क्लॅरिनेटवाल्याकडं बघतात, क्लॅरिनेटवाला हुरड्याकडं. मग कीबोर्डवाली मुलगी उठते, पेटीवर दाखवावं तसं बोटानं दाखवते. काळी पाच. असं सांगा ना! मास्तरांचा ट्रम्पेट आणि शेजारचा क्लॅरिनेट दोन्ही याच पट्टीची वाद्यं आहेत. आयुष्यभर वाजवत आलेत ते काळी पाचच्याच घरात.

सॅक्सोफोन तेवढा दुसऱ्या पट्टीचा. त्याची पत्ती, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी, भिजवायला तोंडात धरून बसलेले हे काका, बोलायचं नसलं की ती तोंडातच ठेवतात. त्यांची मुलाखत म्हणूनच आमच्याकडं नाही.

(तालमीचा तुकडा. आवाज पूर्ण वर.)

जॅझ जन्मला अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते त्या मुलखात, न्यू ऑर्लिन्स शहरात. कुणी जन्माला घातला? गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या पुढच्या पिढ्यांनी, रस्त्यावर चालत वाजवणाऱ्या पितळी बँडांमधून. तिथं माणूस गेला की बँड लागतो. स्मशानात जाताना संथ भजन आणि पुरून परत येताना नाचायला लावणारी चाल. बँडमागं गावभरचे लोक आपणहून चालू लागतात. पुढं ट्रम्पेटवर जगभर गाजलेला लुई आर्मस्ट्राँग याच शहरात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ, शिकला.

हे ऐकवलं तेव्हा ढोलवाले आजोबा हसले. पिकल्या पानाची अंत्ययात्रा वाजतगाजत काढणं मराठवाड्याला नवं नाही. नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या म्हातारीपुढं हलगी वाजते, भजन लागतं. आजोबांनी अशा किती वाजवल्या, ते त्यांनाच माहीत.

(ड्रोन. नदीचा वरचा प्रवाह. कॅमेरा प्रवाहाविरुद्ध सरकतो.)

आता याच गोदावरीनं उलटं वर चला. नाथसागर संपला की वरच्या अंगाला, अहिल्यानगर जिल्ह्यात, नदीकाठी पुणतांबा लागतं. इथं १२ जानेवारी १९१८ ला रामचंद्र चितळकर जन्मले. सी. रामचंद्र. मुंबईत त्यांच्या वाद्यवृंदात एक गोव्याचा ट्रम्पेटवाला होता, अँटोनिओ झेवियर वाझ. दुनिया त्याला चिक चॉकलेट म्हणायची आणि कौतुकानं भारताचा लुई आर्मस्ट्राँग. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये या दोघांनी मिळून जो झोका, म्हणजे स्विंग, आणला, तो थेट जॅझच्या घरचा होता. १९५७ ला 'आशा'तलं 'ईना मीना डीका' आलं. शब्दांना अर्थ नाही, गळ्यानंच ट्रम्पेट वाजवायचा. ही सगळी गाणी मराठवाड्यातल्या प्रत्येक बँडपार्टीनं मारुतीच्या पारासमोर वाजवली आहेत. नवरदेव घोड्यावर, भोवती पोरं नाचताहेत आणि ट्रम्पेटवर स्विंग! जॅझ मराठवाड्यात आणायला आम्ही कोण? तो सत्तर वर्षं वराती काढतोय. फक्त त्याला कुणी खाली बसून ऐकलं नाही.

(संध्याकाळ. लोक येताहेत. दुचाक्या, एक बैलगाडी, शाली घेतलेल्या बायका. कडेला चहाची टपरी.)

जगात समुद्रकाठी, नदीकाठी फुकट जॅझ ऐकवायची चांगली रीत आहे. स्पेनमध्ये सॅन सेबास्टियनचा जॅझ महोत्सव १९६६ पासून चालतो, तिथं झुरिओलाच्या किनाऱ्यावर लोक वाळूत उभं राहून ऐकतात, पैसे न देता. डेट्रॉइटमध्ये नदीकाठचा महोत्सव १९८० पासून, तोही विनातिकीट. तिकडं मागं मोठे प्रायोजक असतात. इथं मागं जनरेटर आहे आणि त्याचं डिझेल गावानं भरलंय. शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीच्या पाळीला आहे, पण तिच्यावर ड्रमचा माईक सोपवायला कुणाची तयारी नव्हती.

(क्लोजअप. सूर्य पाण्याला टेकतोय. कलाकार वाद्यं जॅकेटमध्ये, शालीत घेऊन बसलेले.)

हे वाद्य लपवणं थंडीसाठी आहे, माणसाच्या नव्हे, पितळाच्या. पाण्यावरून वारं आलं की नळीतली हवा गार होते आणि सूर उतरतो. चार ट्रम्पेट चार तऱ्हेनं उतरले की खेळ खलास. म्हणून पाळी येईपर्यंत वाद्यं अंगाच्या उबेत ठेवायची, मधूनमधून सूर न काढता नुसती गरम फुंक मारायची. हे पोरांना मास्तरांनी शिकवलं.

(पहिलं गाणं. निवेदन नाही. साधारण पाऊण मिनिट.)

गणवेश घालायचा की नाही, यावर दुपारी बराच खल झाला होता. पोरं म्हणाली, नको, आजचा दिवस वेगळा आहे. मास्तर म्हणाले, गणवेशाशिवाय फुंक लागत नाही. गणवेश आला. खांद्यावरची सोनेरी झालर एका बाजूला उसवलेली, कॅमेऱ्याला दिसते.

(बाईट – मास्तर)
"वरातीत मागं वळून पाहायला वेळ नसतो भाऊ. सगळे नाचू राहिले असतात. आज हे लोक नुसते बसून ऐकू राहिले. मला तर काही सुचूच नाही राहिलं."

(स्टेजवर गायिका. पिवळा दिवा. मागं पाणी काळं झालेलं.)

ही मुलगी जालन्याची. चर्चच्या गायनवृंदात वाढलेली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून या भागात मराठी ख्रिस्ती भजन रुजलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तिला तोंडपाठ आहेत. सोल संगीताचं मूळही चर्चमध्येच. अरिथा फ्रँकलिनचे वडील धर्मोपदेशक होते, ती त्यांच्याच चर्चमध्ये गायला शिकली. म्हणजे आमच्या गायिकेनं वाट वाकडी केलेली नाही. देवासमोर जो गळा लावते, तोच इथं लावला.

एक ओळ ती म्हणते, उरलेले ती ओळ उचलतात. न्यू ऑर्लिन्सला, डेट्रॉइटला हे असंच चालतं. आणि इथून जवळच पैठणला, ज्या एकनाथांची समाधी आहे, त्यांच्या भारुडातही. दर नाथषष्ठीला गोदावरीच्या वाळवंटात दिंड्या हेच करतात. त्यामुळं तिनं दुसऱ्यांदा ओळ टाकली तेव्हा सतरंजीवरच्या भजनी मंडळाला कुणी सांगावं लागलं नाही. टाळ बरोबर आणले होते की काय? हो, आणलेच होते.

(टाळ, ट्रम्पेट, ड्रम. पूर्ण आवाज. लांब दृश्य. निवेदन नाही.)

(पंगत. पत्रावळी, भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. गणवेशातली माणसं बसलेली.)

कार्यक्रमाआधीची ही पंगत. पहिली बसली ती वाजवणाऱ्यांची. वाढायला गावची जाणती माणसं. हे दृश्य आम्ही तीन कोनांतून घेतलंय.

नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, थंडीत इथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. आवाजाबद्दल काही पक्षीमित्रांनी हरकत घेतली, म्हणून भोंगे दोनच लावले, गावाकडं तोंड करून, आणि दहाच्या आत सगळं बंद केलं. वाजवणाऱ्यांना मानधन म्हणून झोळीत जमलेले पैसे मिळाले, एका लग्नाच्या सुपारीपेक्षा कमी.

(रात्र. ट्रॉल्या सुटताहेत. सॅक्सोफोनवाले काका पत्ती पुसून डबीत ठेवताहेत.)

पुढच्या पौषात ट्रॉल्या तीन लागतील, असं शेतकरी म्हणतात. जालना, बीड, परभणी, कुठलीही पार्टी येऊ शकते. वाद्य आपलं आणायचं, गणवेश ऐच्छिक, जेवण गावाकडं. काळी पाच सोडून दुसरी पट्टी असेल तर आधी कळवा, कीबोर्डवालीला तयारी करावी लागते.