धन्याबरोबर पुरलेले घोडे

नमस्कार श्रोतेहो. धन्याच्या थडग्यात घोडा सापडला, असं ऐकलं की आपण लगेच स्वामिभक्तीच्या गोष्टी सांगू लागतो. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढं मात्र विसरतो.

सायबेरियाच्या दक्षिणेला, अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाचं खोरं आहे. तिथं साधारण तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वीच्या सरदारांची थडगी आहेत. चोरांनी ती फार पूर्वीच फोडली. त्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत शिरलं, गोठलं आणि तसंच राहिलं. चोरांचा डोळा माणसाच्या लाकडी खोलीवर. बाहेर उत्तरेकडे पडलेल्या घोड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून 1929 साली पुरातत्त्वज्ञ ग्र्याझनोव्ह यांनी पहिलं थडगं उकरलं तेव्हा दहा घोडे कातडी-केसांसकट हाती आले.

प्रत्येकाच्या कपाळावर टोकदार कुऱ्हाडीचा घाव. खोगिरं, लगाम जागच्या जागी. एकाच्या तोंडावर तर चामड्याचा आणि नमद्याचा मुखवटा, वर सांबरासारखी शिंगं! पण खरी गंमत कानांत आहे. मालकीची खूण म्हणून कानाला चिरा देत, आणि या घोड्यांच्या चिरा एकमेकांशी जुळत नव्हत्या. म्हणजे सगळे घोडे मृताच्या पागेतले नसावेत. वेगवेगळ्या घराण्यांनी एकेक घोडा आणून दिला असावा, असं ग्र्याझनोव्ह यांचं मत. मयताला आलेला आहेरच म्हणा ना. मला तरी हा तर्क पटतो.

आपल्याकडे बर्फ कुठला? तरीही नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहूरझरी, नैकुंड इथं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली शिळावर्तुळं, म्हणजे भोवती दगड रचलेली थडगी आहेत. माहूरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी 1970 नंतर उत्खनन केलं. काही वर्तुळांत माणसाच्या हाडांबरोबर घोड्याची हाडं निघाली, तोंडात बसवायची लोखंडी कडी निघाली, आणि घोड्याच्या चेहऱ्यावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिनेही. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. लोखंड तिथल्या तिथेच गाळलं जात होतं. कातडी, केस, कान मात्र गेले. ते घोडे कुणी दिले, हे सांगणारा पुरावाच मातीनं खाल्ला.

मध्ययुगात युरोपातही हेच. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्यांचा राजा चिल्डेरिक 481च्या सुमारास वारला. त्याचं थडगं बेल्जियममधल्या तूर्ने गावात 1653 सालीच सापडलं होतं. घोडे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. 1980 नंतरच्या उत्खननात जवळच तीन खड्डे निघाले आणि त्यांत एकवीस घोडे!

आता तर हाडातला डीएनए काढून नर की मादी तेही कळतं. आइसलँडच्या व्हायकिंग थडग्यांतले 19 घोडे तपासले, त्यांतले 18 नर निघाले. हा योगायोग नव्हे, निवडून घेतलेले आहेत. घोडी जिवंत ठेवली तर शिंगरू होतं, हा हिशेब त्यामागे असेलही; पण नराचा रुबाब, त्याचा आडदांडपणा हेही दाखवायचं असणार. इसवी सन 1000च्या सुमारास आइसलँड ख्रिस्ती झालं आणि घोडे पुरणं थांबलं. घोड्याचं मांस खायची सवलत मात्र लोकांनी धर्म बदलताना सुरुवातीला मागून घेतली होती.