तुळशीतली तार

मंडळी, नमस्कार. चिटणिसांनी फोनवर विचारलं, "ताई, पत्रिकेत विषय काय छापू?" मी म्हटलं, "रेडिओ छापा." पन्नासहून जास्त वर्षं मी रेडिओ उघडतेय, जुळवतेय, ऐकतेय. पण आज बोलायचंय ते या नादानं मला लावलेल्या एका सवयीबद्दल: काही मानण्याआधी ते स्वतः तपासून, मोजून पाहायचं.

मी सातवीत होते, 1968 साल. आम्ही वाईला वाड्यात राहत होतो. वडिलांनी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला होता. कौलांवर जाळीच्या पट्टीची एरियल बांधलेली, आणि मागून निघालेली अर्थिंगची तार खिडकीतून थेट अंगणातल्या तुळशीवृंदावनात पुरलेली. पुणे केंद्र मीडियम वेव्हवर लागायचं. तार नीट असली की आवाज स्वच्छ, ती निघाली की नुसती खरखर. शेजारच्या माई म्हणायच्या, "तुळस आहे म्हणून हो आवाज येतो. पवित्र जागा ती." मला ते पूर्ण पटलेलं होतं. कारण तार उपसली की खरखर सुरू होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं.

त्या मे महिन्यात आम्ही आठ दिवस आजोळी गेलो. परत आलो तर वृंदावनातली माती भेगाळलेली, तुळस माना टाकलेली. रेडिओ लावला, तर खरखर. तार जागच्या जागी होती, तुळसही होती, मग बिघडलं काय? आईनं सवयीनं तांब्याभर पाणी घातलं आणि पाचेक मिनिटांत आवाज सुधारला. मी तशीच उठले, तार उपसली आणि मोरीच्या बाहेर, सांडपाणी जिरायचं तिथल्या चिखलात खोचली. आवाज तितकाच स्वच्छ! मग कोरड्या मातीत खोचली, तर खरखर. पुन्हा चिखलात, पुन्हा स्वच्छ. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरडीतून फारशी वाहत नाही. मोरी सोडली तर वाड्यात रोज न चुकता पाणी पडणारी मातीची जागा एकच होती, म्हणून ज्यानं कुणी तिथे तार पुरली, त्यानं अगदी योग्य केलं होतं.

माईंना सांगायला गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुळशीला रोज पाणी घालतो ते वाया नाही ना जात?" नाही म्हटलं, त्या पाण्यावरच तर आमचा रेडिओ चालतो. तार पुढेही तुळशीतच राहिली.

हा प्रसंग मी इतका लांबण लावून सांगितला, कारण पुढच्या आयुष्यात मला हाच सारखा भेटत गेला. माई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त त्यामागचं कारण दुसरं होतं. शंका घेणारा माणूस पुष्कळदा इथेच घसरतो. तो समोरच्याचं पाहणंच खोटं ठरवतो. मग समोरचा दुखावतो, बोलणं तिथेच संपतं.

रात्रीचा रेडिओ तर याचा उत्तम नमुना. दिवसा न लागणारी लांबची मीडियम वेव्ह स्टेशनं रात्री लख्ख ऐकू येतात. आमच्याकडे कुणी म्हणे हवा थंड होते म्हणून, कुणी म्हणे गाव झोपतं म्हणून. खरी गोष्ट वर घडत असते. जमिनीपासून साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, उन्हानं विद्युतभारित झालेला हवेचा एक थर दिवसा या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून वळून शेकडो मैलांवर खाली येतात. हे कळल्यावर रात्रीची मजा कमी होईल असं कुणाला वाटलं, तर त्यानं एकदा अंधारात बसून डायल फिरवावी. मला तर ते कळल्यापासून सूर्यास्ताची वेळ चुकवणं जिवावर येतं.

आणि काय काय ऐकलं या डब्यावर! श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला 1952 पासूनची, बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज. त्याच वर्षी नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं होतं. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर जीव असलेले. त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद झालं आणि सगळा देश सिलोनकडे कान लावून बसला. 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, तेव्हा ती गाणी घरी परतली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी खूप केलं, ते मी मानते. पण लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवायला गेलं, की लोक डायल फिरवतात. सिलोन ज्यावर यायचं त्या शॉर्टवेव्हला सरहद्द अडवत नाही.

आता हा खोका पाहा. टेबलावर आणलाय मुद्दाम. पिन खोचायची, हिरवा दिवा लागतो आणि विजेचं बिल तीस टक्के कमी होतं, असं सांगून विकतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी प्रदर्शनातून पंधराशेला घेतला, नोव्हेंबरात. डिसेंबरचं बिल खरोखर कमी आलं. ते बिल घेऊन माझ्याकडे आले, "तू नेहमी शंका काढतेस ना, आता बघ." मी बिल पाहिलं. कमी होतंच. मग त्याच बिलावर मागच्या वर्षीच्या महिन्यांची युनिटं छापलेली असतात, तिथे बोट ठेवलं. गेल्या डिसेंबरात 118, यंदा 121. थंडीत त्यांच्याकडे पंखे बंद असतात. काका गप्प झाले. मी म्हटलं, काका, एवढ्यावर थांबू नका, आपण मोजू.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकांना एक युनिट, तो आकडाही वर छापलेला असतो, त्यांच्या मीटरवर 3200. फ्रिज, टीव्ही, सगळं बंद केलं. एक पंखा आणि साठचे दोन जुने बल्ब तेवढे चालू. दहा मिनिटांत किती लुकलुक, ते काकांनी मोजायचं, घड्याळ माझ्या हातात. खोका लावून 104. काढून 104. पुन्हा लावून 104, काढून 103. काका स्टुलावर उभं राहून चाळीस मिनिटं मोजत होते, एकदाही खाली उतरले नाहीत.

मग खोका उघडला. आत एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, दिव्यापुरतं चिमुकलं सर्किट आणि वजन यावं म्हणून ओतलेला सिमेंटचा गोळा. कपॅसिटर खोटा नाही. कारखान्यात मोठमोठ्या मोटरींसाठी तो लावतातच, त्यानं पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा वाटा, सुधारतो आणि तिथे त्याचा बिलाशी संबंधही असतो. आपल्या घरचं मीटर मात्र प्रत्यक्ष खर्च झालेली वीजच मोजतं, त्यावर या खोक्याचा काही परिणाम नाही. विकणाऱ्यानं एका जागचं खरं उचलून दुसऱ्या जागी चिकटवलं. मला याचा फार राग येतो. पंधराशे रुपये पेन्शनीतून जातात.

1995 चा 21 सप्टेंबर आठवतो ना? गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. मीही उभी राहिले. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच गेलं. दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि दगडावरून पातळ ओघळानं खाली उतरतं. ओघळ इतका पातळ, की पांढऱ्या संगमरवरावर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, तेव्हा तो दिसला. रंग मिसळणं किती साधं! पण ते सुचावं लागतं.

ज्योतिषाबाबत हे रंग मिसळण्याचं काम 2008 मध्ये जयंत नारळीकरांनी केलं. सोबत नरेंद्र दाभोलकर आणि इतर होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या, त्यातल्या हुशार कुणाच्या एवढं सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. मला यातलं आवडतं ते हे, की ज्योतिषांना बोलावून, आधी नियम सांगून, मग मोजलं. जुळलेलं आपल्या लक्षात राहतं, न जुळलेलं आपण विसरतो. म्हणून दोन्ही रकाने भरायचे.

परवा भाची म्हणाली, "आत्या, फोन आपलं बोलणं ऐकतो. काल कुकरबद्दल बोललो, आज जाहिरात." मी तिला वही दिली. कधीही शोधली नाही अशी एक वस्तू निवड, आठ दिवस तिच्याबद्दल फोनसमोर बोल आणि काय येतं, काय येत नाही ते दोन्ही लिही. तिनं पाटा-वरवंटा निवडला. आठ दिवसांत एकही जाहिरात आली नाही. एवढ्यावरून मी निकाल देणार नाही. पण त्या वहीत तिला एक वेगळीच नोंद सापडली. कुकर तिनं नाही, तरी त्याच वायफायवर तिच्या आईनं शोधला होता.

ही शिस्त स्वतःलाही लावावी लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी मीडियम वेव्हवर सतत गुणगुण येऊ लागली. मी ठरवून टाकलं की रेडिओचा फिल्टर कंडेन्सर, म्हणजे गुणगुण गाळणारा कपॅसिटर, गेला. बदलला, गुणगुण तशीच. दुसरा बदलला, तशीच. महिना गेला. शेवटी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि घरातले स्विच एकेक करून बंद करत गेले. देवघरातला एलईडी बल्ब बंद केला आणि गुणगुण थांबली. लावला, आली. त्याच्या पोटातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं आणि जोडतं, त्याचा तो गोंगाट. दुसऱ्या दिवशी बल्ब बदलला, आणि रात्री 792 किलोहर्ट्झवर पुणे केंद्राची बातमीपत्रं पूर्वीसारखी ऐकू आली.

बोलणं पुष्कळ झालं. खोका इथेच राहील, शेजारी पेचकस ठेवलाय. मागे दोन स्क्रू आहेत. मुलांनी आधी यावं, मोठ्यांनी त्यांच्या मागे उभं राहावं. एकच सांगते. उघडलात तरी कपॅसिटरच्या टोकांना बोट लावू नका, आणि पिन पुन्हा सॉकेटात खोचू नका. या, कोण उघडतंय?