एकच पोर, तीन तालुके

(गोव्यातल्या एका गावच्या वाचनालयात पालकांसमोर झालेलं भाषण. मोबाइलवर रेकॉर्ड झालं होतं ते उतरवून थोडी काटछाट केलीय, बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.)

माईक नको हो, मी प्रायमरीची टीचर आहे, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. बोर्डावर विषय लिहिलाय "ऑटिझम : समज-गैरसमज". त्यावर तुम्ही मोबाइलवर माझ्यापेक्षा जास्त व्हिडिओ बघितले असणार. मी आज बसबद्दल बोलणार आहे. हसू नका, खरंच बसबद्दल.

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा. घरी त्याला बाबू म्हणतो. त्याला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा आम्ही पणजीजवळ पर्वरीला भाड्याने राहत होतो, म्हणजे बार्देश तालुका. मग सासऱ्यांना पॅरालिसिस झाला, कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, बघायला कोण नाही, म्हणून परत सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे आमचं गाव आहे तिथे आलो. आणि गेली पाच वर्षं मी आणि तो सोमवार ते शुक्रवार फोंड्याला एका खोलीत राहतो, त्याचे बाबा गावात. पोर तेच, दिव्यांगाचं सर्टिफिकेट तेच, त्यावरची टक्केवारी पण तीच. पण तालुका बदलला की त्याला काय मिळणार ते बदलत गेलं, आणि ते किती बदलतं हे तिन्हीकडे राहिल्याशिवाय मला पण कळलं नसतं.

पर्वरीला काय होतं ते आधी सांगते. अडीच वर्षांचा होता, हाक मारली की वळून बघायचा नाही, बोट दाखवून काही मागायचा नाही, माझा हात धरून फ्रिजकडे न्यायचा जणू माझा हात म्हणजे पकड. मुलांचे डॉक्टर चालत दहा मिनिटांवर. त्यांनी बघितलं आणि म्हणाले थांबू नका. ऐकण्याची टेस्ट झाली, डेव्हलपमेंटवाल्या डॉक्टरांकडे गेलो, महिनाभरात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही सुरू, आठवड्याला तीन दिवस. जाताना तो झोपेत असायचा, परत येऊन मी कुकर लावायची. तेव्हा मला वाटायचं की सगळ्या गोव्यात असंच असतं. आणखी एक वाटायचं, की बाबू सुधारतोय ते माझ्या कष्टाने. कष्ट होतेच, पण दहा मिनिटांचं अंतर पण होतं आणि त्याचं क्रेडिट मी कधी दिलं नाही.

मग गाव. आता हिशोब बघा. थेरपी पंचेचाळीस मिनिटांची. वाळपईहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पर्वरी, तीन बस, आणि परत तशाच तीन. सकाळी साडेसहाला निघालो तर दुपारी तीनला घरी. पंचेचाळीस मिनिटांसाठी आख्खा दिवस, माझी एक रजा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे पोचेपर्यंत पोराचं डोकं संपलेलं असायचं. बसमधली गाणी, गर्दी, मासळीची टोपली घेऊन चढलेली बाई, ब्रेकचा आवाज, एखाद दिवशी रस्ता बंद म्हणून बस दुसरीकडून वळवली की तो रडायला लागायचा तो थांबायचाच नाही कारण त्याच्या डोक्यात रस्ता ठरलेला. आणि असा दमलेला पोर थेरपिस्टच्या समोर बसणार आणि त्या बाई वहीत लिहिणार "को-ऑपरेट करत नाही". कसा करणार बाई?

लोक म्हणतात गोवा केवढासा, ३,७०२ चौरस किलोमीटर, कुठूनही कुठे दीड-दोन तासात. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्यच आपल्याला नडतं. मोठं राज्य असतं तर कुणीतरी म्हणालं असतं की एवढ्या लांब कसे येणार, तिकडे एक सेंटर काढूया. आपल्याकडे सगळेच म्हणतात, पणजी काय इथेच आहे. गाडी असलेल्या माणसाला इथेच आहे. काणकोणची एक मैत्रीण आहे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, खोतीगावच्या बाजूची, तिला मडगाव म्हणजे आधी चावडीपर्यंत, काणकोणच्या मुख्य गावापर्यंत, यायचं आणि तिथून दुसरी बस. तिचा मिस्टर काजूच्या सिझनला रानात असतो, ते दोन-तीन महिने तिचं पोर थेरपीला जातच नाही. कागदावर दिसतं "पालक अनियमित". सांगे, धारबांदोडा, तिथल्या आया पण हेच सांगतात.

नकाशावर पिना टोचून बघा एकदा. पर्वरीला संजय स्कूल, फोंड्याला ढवळीची लोकविश्वास प्रतिष्ठानची शाळा, जुन्या गोव्याला सेंट झेवियर्स अकादमी, मडगावला डॅडीज होम, बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि शेजारीच आयपीएचबी, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय, काहींनी शाखा पण काढल्यात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पिना पडतात कुठे ते बघा, बहुतेक त्या एकाच पट्ट्यात. खाजगी थेरपीवाले तर विचारूच नका, जिथे फ्लॅट तिथे ते. आणि स्पेशल स्कूल असणं वेगळं आणि आठवड्याला दोनदा स्पीच थेरपी मिळणं वेगळं, हे आपण नेहमी एकत्र करतो. इमारत असते, थेरपिस्टची पोस्ट पण असते, ती भरलेली असते का हा वेगळा प्रश्न.

कायद्यात काय आहे ते पटकन सांगते, त्यात जास्त वेळ घालवत नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे एक लाखापर्यंतचा, थेरपीचे पैसे पण त्यात काही मर्यादेत मिळतात, आपल्या राज्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. मूल १८ चं झालं की पालक म्हणून आपला कायदेशीर हक्क आपोआप चालू राहत नाही, त्यासाठी कलेक्टरांच्या कमिटीकडे अर्ज करून गार्डियनशिप घ्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, लिहून ठेवा.

सर्टिफिकेटसाठी जी टेस्ट करतात तिचं नाव इसा. ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही धरत, १५३ च्या वर गेलं तर तीव्र. नजरेला नजर देतो का, एकच गोष्ट परत परत करतो का, असं सगळं विचारतात. मी तिथे बसून मनात म्हणाले की यात एक्केचाळिसावा प्रश्न पाहिजे, तुमच्या गावातून पहिली बस किती वाजता.

आता भाषेचं. हे माझ्या जवळचं आहे, जरा थांबते इथे.

आम्ही घरात कोकणी बोलतो. शाळा मराठी. थेरपी इंग्लिश, फार तर हिंदी. बाबू पाण्याला "उदक" म्हणायचा, नीट नाही, "उद" एवढंच. पण मागायचा. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, थेरपिस्ट बाहेरच्या राज्यातली होती, मुलगी चांगली होती, जीव लावून शिकवायची. तिने चार महिने रिपोर्टात लिहिलं की मूल पाणी मागत नाही. तो मागत होता! ती "वॉटर"ची वाट बघत होती. मी बाहेर बाकावर बसलेली, मला आत घेतच नसत, आई समोर असली की मूल काम करत नाही म्हणून. चार महिने एक शब्द दाराच्या आत होता आणि त्याचा अर्थ दाराच्या बाहेर बसलेला.

आणि ती कार्डं. अ‍ॅपल, इग्लू, स्नोमॅन. स्नोमॅन कशाला हो वाळपईत? मी शेवटी मोबाइलवर आमच्याच घरातले फोटो काढले, पेजेची वाटी, अंगणातली तुळस, आजोबांची काठी, फणस, कदंबची सरकारी बस, वाळपईच्या फोटो स्टुडिओत प्रिंट करून लॅमिनेट केले. बसचं कार्ड सगळ्यात आधी फाटलं, एवढं वापरलं. लोक सांगतात एकच भाषा बोला, इंग्लिशच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. दोन भाषांच्या घरातल्या ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झालेत, दोन भाषांमुळे त्यांचं बोलणं मागे पडतं असं त्यात दिसलेलं नाही. तेव्हा आजीला गप्प करू नका. आजी कोकणीत बोलली नाही तर त्या पोराशी दिवसभर बोलणार कोण?

माझी एक आतेबहीण इंग्लंडात स्विंडनला आहे. आपल्या गोंयकारांचं अर्धं गाव तिथेच झालंय म्हणा. तिच्या शेजारणीच्या मुलाला ऑटिझम. ती सांगते, इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कौन्सिलला आपल्या भागात स्पेशल मुलांसाठी काय काय आहे त्याची यादी जाहीर करावीच लागते, लोकल ऑफर म्हणतात त्याला. आणि ज्याला गरज आहे त्याचा लेखी प्लॅन होतो, वीस आठवड्यांत व्हायला पाहिजे असा नियम, पंचवीस वर्षांपर्यंत चालू शकतो. मला वाटलं स्वर्गच. तर ती म्हणाली, गो तसं काही नाही, इथे पण या कौन्सिलला मिळतं ते त्या कौन्सिलला मिळत नाही, लोक त्याला पोस्टकोड लॉटरी म्हणतात, आणि वीस आठवडे कागदावरच राहतात बऱ्याच ठिकाणी. म्हणजे दुखणं सगळीकडे आहे. पण त्यांच्याकडे भांडायला यादी तरी आहे. आपल्याकडे तालुक्याची यादी कुठे मिळते? मी माझी यादी बनवली ती बाकावर बसून, दुसऱ्या आयांना विचारून.

आणि गंमत बघा, याच्यावरचा एक उपाय गोव्यातच करून बघितलाय. संगात म्हणून मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, १९९६ पासूनची. त्यांनी आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या लोकांनी मिळून एक अभ्यास केला, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं. त्यात तज्ज्ञ थेरपिस्ट नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते करायचे काय, आई आणि मूल खेळत असताना व्हिडिओ काढायचा, मग आईबरोबर बसून तो बघायचा, की हे बघ इथे त्याने तुझ्याकडे बघितलं, इथे तू थांबलीस म्हणून त्याने आवाज केला, तेच परत कर. साधारण १२ सेशन. आयांचं मुलाच्या कलाने जाणं वाढलं, मुलं आपणहून आईशी संवाद करायला लागली. सगळ्याच गोष्टींत फरक पडला असं नाही, तसं ते पण म्हणत नाहीत. पण हे करायला पर्वरीला फ्लॅट लागत नाही हो! एक बाई, एक मोबाइल आणि आमच्या घरातली चटई. अंगणवाडीच्या ताई आहेत, आशा वर्कर आहेत, त्यांना आधीच कामं ढीगभर आहेत हे मला माहीत आहे, फुकटात आणखी एक रजिस्टर त्यांच्या डोक्यावर द्या असं मी म्हणत नाही, पैसे देऊन द्या. पण रस्ता तो आहे असं मला वाटतं. माझ्या दारात तशी बाई अजून आलेली नाही.

मुलं कमी आहेत, म्हणून तालुक्यात सेंटर परवडत नाही, असं एका साहेबांनी मला सांगितलं. २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणांचा एक मोठा सर्वे छापून आला, त्या पाचांत एक उत्तर गोवा होतं. सगळी ठिकाणं मिळून दोन ते नऊ वयाच्या मुलांत ऑटिझम साधारण शंभरात एक. आपल्या तालुक्यातल्या शाळांचे पट काढा आणि भागाकार करा, मी गणितच शिकवते, उत्तर कमी येत नाही. मुलं आहेत. ती दिसत नाहीत कारण ती चतुर्थीला घुमट आरती सुरू झाली की आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन बसलेली असतात आणि आपण पाहुण्यांना सांगतो, झोपलाय.

फोंड्याचं थोडक्यात. शाळा आहे, स्पेशल एज्युकेटर आहे, बाबू आता नावनिशी सगळ्या बसचे बोर्ड वाचतो, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मात्र बसत नाही, त्यातला कलकलाट त्याला सोसत नाही, मी चालत नेते. खोलीचं भाडं, गावाकडचं वेगळं घर, नवऱ्याची भेट शनिवार-रविवार, ही आमची थेरपीची खरी फी आहे आणि ती कुठल्याच फॉर्मवर लिहायला जागा नाही. माझी बदली करून मिळाली म्हणून जमलं. ज्या बाईचा नवरा रोजंदारीवर जातो ती काय करणार? ती नाही हलू शकत. तिचं पोर माझ्या पोरापेक्षा जास्त ऑटिस्टिक आहे असं मग लोकांना वाटतं.

मागून एक आजोबा विचारतायत. परत बोला जरा... हां. नातू सव्वादोन वर्षांचा, बोलत नाही, घरचे म्हणतात त्याचा मामा पण चार वर्षांनी बोलला, देवाला प्रसाद लावला तर उजवा कौल झाला, मग थांबायचं का.

कौल उजवा झाला ना, मग चांगलंच आहे, त्या धीराने उद्या सकाळी निघा. आधी कानाची टेस्ट करून घ्या, ऐकू येत नसलं तर सगळं वेगळंच असतं. डॉक्टरकडे जाताना त्याचा घरातला व्हिडिओ घेऊन जा, दोन मिनिटांचा, कारण तिथे गेल्यावर ते रडणार आणि कोणाला काहीच दिसणार नाही. तो कुठल्या वस्तूला काय म्हणतो ते कागदावर लिहा, कोकणी असेल तर कोकणी, अर्धा शब्द असेल तर अर्धा. ऑटिझम आहे की नाही हे ठरेपर्यंत त्याच्याशी खेळायला, बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, ते आजच सुरू करा. आणि सकाळची पहिली बस धरा आजोबा, दुसऱ्या बसला खिडकी मिळत नाही.