वाडीचा पंचनामा

(ड्रोन. पडलेली वाडी. आवाज फक्त पावसाचा. पाच सेकंदांनंतर निवेदन.)

ही सगळी पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची वाडी. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या त्याच्या तोंडी आल्या. माडांचे शेंडे पिळवटले. पोफळींचं मात्र मूळच वर आलं.

(आडवं खोड, त्याला गुंडाळलेला मिरीचा वेल)

वाडी म्हणजे मजल्यांचं घर. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीला मिरीचा वेल, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला केळी. आता हे सगळं एकाच मजल्यावर आलंय.

(तलाठी, हातात टेप. वहीवर प्लास्टिकची पिशवी.)

हा पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघं एकत्र. मोजलेल्या बुंध्यावर चुन्याची बोटं ओढतात, म्हणजे तेच झाड दोनदा मोजलं जात नाही. पावसाने चुना धुतला की पुन्हा पहिल्यापासून. या माणसांना दोष द्यायचा नाही. वीज नाही, रेंज नाही, वरून लॉकडाऊन. दिवसाला किती वाड्या होणार?

झाडं मोजली. वहीत आकडा पडला. पण मदत ठरली ती क्षेत्रावर.

(सातबारा, क्षेत्राचा रकाना)

फळबागेला आधी हेक्टरी 18 हजार रुपये होते. वादळानंतर राज्य सरकारने ते 50 हजार केले, मर्यादा 2 हेक्टर. ऐकायला बरं वाटतं. आता ही वाडी बघा. दहा गुंठे. हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे 5 हजार रुपये. दहा गुंठ्यांत सव्वाशेच्या वर पोफळी सहज बसतात. भागाकार तुम्हीच करा.

हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर लावतात, हेक्टरी शंभर. पोफळी हेक्टरी तेराशेच्या आसपास. दर दोघांना एकच. आंबावाल्यांशी आमचं भांडण नाही, त्यांचंही नुकसान खरंच आहे. भांडण हेक्टरशी आहे. हेक्टरला जमीन मोजता येते, उंची मोजता येत नाही.

(सातबाऱ्यावरची नावं, कॅमेरा हळूहळू खाली)

आणि ही नावं. आजोबा, त्यांचे भाऊ, भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या. कोणी गिरगावात, कोणी बोरिवलीत, एक बडोद्याला. वाटणी कधी झालीच नाही. एकाच्या खात्यावर पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र हवं, आणि त्या जूनमध्ये मुंबईहून गावात माणूस येणं कठीण, तिथे सही कुठून येणार? काकांनी मोबाइलवर पाठवलेला सहीचा फोटो हा. तो चालला नाही.

(वाडीच्या कडेला बसलेली माणसं)

अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर वाडी करणारा, शिंपणं करणारा गडी, माडावर चढणारा, सुपारी सोलणाऱ्या बाया. यांच्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

(करवत. खोडाचा काप.)

पैसे खात्यावर आले तो दिवस आमच्याकडे चित्रित नाही. आहे ते हे: पडलेली खोडं वाडीबाहेर काढायचं काम. पाखाडी म्हणजे अरुंद पायवाट, ट्रॅक्टर आत येत नाही. खांद्यावरून, तुकडे करून. मजुरी रोजच्या रोज.

झाडागणिक दर द्या, हे बागायतदार पहिल्या आठवड्यापासून सांगत होते. पुढच्या वर्षी, मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. त्या वेळच्या मदतीत झाडाचा दर लिहिलेला आहे. नारळाला 250 रुपये. सुपारीला 50. झाड निदान कागदावर आलं. पन्नास रुपयांत काय येतं, ते कुठल्याही रोपवाटिकेत जाऊन विचारा.

(नवं रोप, झावळ्यांची सावली केलेली. हाताने पाणी.)

हे रोठा जातीच्या सुपारीचं रोप. लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं.

(निवेदन थांबतं. पाटाच्या पाण्याचा आवाज.)