उंदरासाठी गॅमा कॅमेरा

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर एक धूसर ठिपका]

हा ठिपका म्हणजे उंदराचं हृदय. शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे गॅमा किरण टिपून गॅमा कॅमेरा चित्र काढतो. माणसांच्या तपासणीसाठी बनवलेल्या अशा कॅमेऱ्यापुढे उंदीर ठेवला, की एवढंच हाती लागतं. कॅमेरा बिघडलेला नाही. साधारण १० मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी त्याला वेगळ्या दिसतच नाहीत. माणसाच्या हृदयासाठी तेवढं चालून जातं, पण उंदराचं अख्खं हृदयच त्याहून मोठं नसतं.

गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत. मग उरतं एक बारीक छिद्र, म्हणजे पिनहोल. हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात बर्कलीत गॅमा कॅमेरा उभा केला, तेव्हा त्याच्याही तोंडाशी पिनहोलच होतं.

[पडद्यावर: टंगस्टनच्या पत्र्यातलं छिद्र, अगदी जवळून]

उंदीर लहान असल्याचा इथे फायदाच होतो. छिद्र त्याच्या अगदी जवळ आणता येतं. छिद्रापासून उंदीर ३ सेंटिमीटरवर आणि डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, ३० सेंटिमीटरवर ठेवला, तर प्रतिमा दहापट मोठी पडते. डिटेक्टरचा साडेतीन मिलिमीटरचा धूसरपणा मग उंदराच्या मापात जेमतेम ०.३५ मिलिमीटर उरतो.

आता अडसर फक्त छिद्राच्या रुंदीचा. ते लहान करावं, तर किरणच आत येईनात. एवढ्याच अंतरावरच्या १ मिलिमीटर छिद्रातून सुमारे १४,४०० किरणांपैकी एक पार होतो. छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं केलं, की ५७,६०० पैकी एक! बाकीचे सगळे वाया. उंदराला टोचलेल्या टेक्नेशियमची, म्हणजे त्या किरणोत्सारी द्रव्याची, मात्रा वाढवत न्यावी, तर किरणोत्साराने उंदराच्या पेशीच बदलतात, आणि ज्याचा अभ्यास करायचा तेच बिघडतं.

यावर उतारा म्हणजे छिद्रांची संख्या वाढवणं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या एका यंत्रात सोन्याची ७५ छिद्रं एकाच जागेवर रोखलेली होती. सोनं काही हौसेखातर नव्हे; छिद्राची कड पातळ असते आणि हलक्या धातूतून किरण तिथे झिरपतात. छिद्रांच्या प्रतिमा एकमेकींवर चढल्या, तर कुठला किरण कुठून आला हे कळेनासं होतं, म्हणून मांडणी फार जपून करावी लागते.

पण खरी कमाई गणिताची आहे, असं मला वाटतं. टेक्नेशियमचा टाचणीच्या टोकाहून लहान थेंब यंत्रात ठरावीक जागी फिरवतात. प्रत्येक जागी डिटेक्टरवर उमटणारा डाग मोजून ठेवतात. त्या नोंदींच्या आधारे संगणक प्रतिमा पुन्हा पुन्हा सुधारत नेतो. छिद्राची जागा केसभर चुकली, तरी हा सगळा खटाटोप फुकट जातो.

पेट स्कॅन ही किरणोत्सारी द्रव्यावरच चालणारी दुसरी तपासणी; तिची अडचण निराळी. तिथल्या फ्लोरिन-१८ या द्रव्यातून निघालेला पॉझिट्रॉन हा सूक्ष्म कण सरासरी अर्धा-पाऊण मिलिमीटर भटकून मगच नष्ट होतो, आणि यंत्राला दिसते ती नष्ट होण्याची जागा. त्यापुढे कारागिरीचं काही चालत नाही.

[पडद्यावर: बारीक नळ्यांचा चाचणी-ठोकळा, शेजारी भूल दिलेला उंदीर]

पिनहोल यंत्रांच्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रिझोल्युशनचे, म्हणजे किती जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसतात याचे, आकडे जाहीर होतात, ते बहुधा या ठोकळ्यावर मोजलेले. नळ्यांत किरणोत्सारी द्रव भरपूर, वेळ हवा तेवढा, आणि ठोकळा श्वास घेत नाही. उंदीर घेतो. छाती हलते तसं यकृत सरकतं. श्वासाच्या टप्प्यांनुसार नोंदी वेगळ्या काढल्या, तर प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला किरण आणखी कमी येतात. त्यामुळे असा आकडा दिसला, की मात्रा किती होती आणि स्कॅन किती मिनिटं चालला, हे आधी विचारावं.