खुराड्यात बसा आणि दार लावून घ्या

नमस्कार, श्रोतेहो.

घरामागं जुन्या फळ्या, मोडकं कपाट, काढून ठेवलेली खिडकी पडली असेल, तर तुमचं खुराडं निम्मं तयार आहे. निम्मंच म्हणतो, कारण लाकूड जुनं चालतं, पण स्क्रू नवे लागतात. लाकूड जुनं, स्क्रू नवे. हे मला कसं कळलं, ते सांगतो.

माझं पहिलं खुराडं एका मोडक्या कपाटाचं. काय सुतारकाम होतं त्याचं! सांधे असे की खिळ्याची गरजच नाही. अशी कपाटं फोडून जळणात घातलेली मला बघवत नाहीत. हल्लीच्या भुशाच्या फळीला पाणी लागलं की ती फुगते, तिचं खुराडं एक पावसाळासुद्धा काढत नाही. असो. कपाटाची पाठ गेली होती, तिथं मी जुन्या फळ्या ठोकल्या आणि सहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आत सोडल्या.

एका सकाळी पाचच निघाल्या. कडी लावलेली, जाळी शाबूत, जमीन कुठं उकरलेली नाही. कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखाली तेवढी पिसं. दोन दिवसांनी चार राहिल्या. मी चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं, काही सापडेना. आजी बघत होती. म्हणाली, "अरे, बाहेरून काय चाचपतोस? आत जाऊन बस आणि दार लावून घे."

भर दुपारी आत शिरलो, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. शिटेचा वास डोळ्यांना झोंबत होता. हळूहळू नजर सरावली, तशी मागच्या भिंतीत, अगदी खाली, सुतासारखी उजेडाची रेघ दिसली. आजीला म्हटलं, "तिथं काठीनं ढकल बरं." तिनं ढकललं, आणि फळीचं टोक सरळ माझ्या गुडघ्यापर्यंत आत आलं. काठी काढली, फळी परत जागेवर. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणारच नाही! खालचा खिळा मी फळीच्या जुन्याच भोकात ठोकला होता. भोक सैल, खिळा नुसता टेकलेला. फळीच्या कडेच्या कुसळांत चार-पाच करडे केस अडकले होते. जनावर रोज तिथूनच ये-जा करत होतं.

म्हणून पुन्हा सांगतो, जुन्या भोकात काही ठोकू नका. दोन बोटं सोडून नवं भोक पाडा, स्क्रू घाला, स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वायसर द्या.

आता बाकीचं भराभर. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकारी जनावराला बाहेर ठेवत नाही. ते ती फाडतं किंवा पंजा घालून कोंबडी ओढतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. तळाशी ती दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरा आणि वर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, तिथं त्याला जाळी लागते. दाराला कडी आणि कडीत आकडा, दोन्ही हवंच. नुसती कडी पंजानं सरकते.

तो डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे शिटेतला अमोनिया. त्यासाठी दांडीच्या वर, कोंबड्यांच्या डोक्यावरून वारा जाईल असा झरोका ठेवा. त्यालाही तीच जाळी. दांडीवर कोंबडीमागे आठ-नऊ इंच जागा धरा.

मालवाहू लाकडी पॅलेट मिळालं तर त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको. ॲस्बेस्टॉसचा जुना पत्रा कापायला घेऊ नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते. जुन्या लाकडाच्या फटींत गोचडीसारखे लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात, तेव्हा फटी बुजवा आणि आतून चुना फिरवा.

आज ऊन असेल तर दुपारी पाच मिनिटं खुराड्यात बसून या. दार लावून. बाहेर काठी घेऊन कुणीतरी उभं असू द्या, आणि उजेड दिसेल तिथं त्याला ढकलायला सांगा.

नमस्कार.