नेब्रास्का : एका सभागृहाचं राज्य

नमस्कार. पत्रिकेवर 'नेब्रास्का : इतिहास, शासन आणि माणसं' असा ऐसपैस विषय छापलाय. इतिहास आणि माणसं शेवटी घेऊ. मला खरं बोलायचंय ते शासनावर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर.

अमेरिका म्हटली की आपल्याला न्यूयॉर्क आठवतं, कॅलिफोर्निया आठवतं. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना न्यू जर्सीतली नातवंडं आठवत असतील. (हशा) नेब्रास्का कुणालाच आठवत नाही. नकाशाच्या मधोमध मका, गाईगुरं आणि सपाट माळ. पण अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकोणपन्नासांत विधिमंडळाला दोन सभागृहं आहेत आणि नेब्रास्कात एक. शिवाय मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो. कोण कुठला हे गावाला ठाऊक असतं, ते सोडा. पण समित्यांचे अध्यक्ष सगळे सदस्य मिळून गुप्त मतदानाने निवडतात. पक्षश्रेष्ठींचा फोन आला आणि अध्यक्ष बदलला, हा प्रकार तिथे रीतसर करताच येत नाही.

हे घडवलं जॉर्ज नॉरिस यांनी. जन्म ओहायोतला, १८६१चा. तरुणपणी नेब्रास्कात येऊन वकिली केली. १९०३ ते १९४३, चाळीस वर्षं वॉशिंग्टनमध्ये. आधी खालच्या सभागृहात, मग सिनेटमध्ये. पक्ष रिपब्लिकन, स्वभाव कुठल्याच पक्षाचा नाही. १९१० साली स्वतःच्याच पक्षाचे सर्वशक्तिमान स्पीकर जो कॅनन यांचे पंख त्यांनी छाटले. १९१७ला महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत देणारे सिनेटर सहाच होते, त्यातले एक नॉरिस. टेनेसी खोऱ्यातली धरणं, खेड्यांतली वीज, ही सगळी त्यांचीच खटपट.

आता त्यांची तक्रार ऐका, कारण ती माझीही आहे. दोन सभागृहं असली की विधेयक एकीकडून एका रूपात निघतं, दुसरीकडून दुसऱ्या. मग दोन्हीकडचे मूठभर सदस्य दार लावून बसतात आणि मसुदा जुळवतात. तो परत आला की दुरुस्ती नाही. घ्या नाहीतर सोडा. आत कोण काय बोललं, कुणी कुठलं कलम उडवलं, याची नोंद नाही. आणि आमदार गावी येऊन सांगतो, 'काका, मी बाजूनेच मत दिलं हो, वरच्या सभागृहात मारलं.' वरचे सांगतात, खालच्यांनी घोळ घातला. शेतकऱ्याने दोष द्यायचा कुणाला? नॉरिस म्हणायचे, एकच सभागृह ठेवा, म्हणजे लपायला जागा उरणार नाही. दुसऱ्या चाळणीचं काम राज्यपालाचा नकाराधिकार, न्यायालय आणि खुद्द मतदार करतील.

१९३४ साली त्र्याहत्तराव्या वर्षी हा माणूस गाडी घेऊन राज्यभर फिरला. गाडीच्या टायरचे दोन संच झिजले म्हणतात. वर्तमानपत्रं बहुतेक विरोधात, राजकारणी अर्थातच विरोधात. त्याच मतपत्रिकेवर आणखी दोन प्रश्न होते : दारूबंदी उठवायची का, आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावू द्यायचे का. तिन्हींना 'हो' मिळालं. दारू आणि घोड्यांच्या लाटेत विधिमंडळही तरून गेलं, असं तिथले लोक अजून चेष्टेने म्हणतात. (हशा) असेल. पण कौल २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ होता. एवढे सगळेच काही तहानलेले नसतील.

आधीच्या दोन सभागृहांत मिळून १३३ सदस्य होते, ते ४३वर आले. आज ४९ आहेत. १९३५चं शेवटचं दुहेरी अधिवेशन ११० दिवस चाललं आणि त्यात १९२ विधेयकं झाली. १९३७चं पहिलं एकेरी अधिवेशन ९८ दिवसांत २१४ विधेयकं करून मोकळं झालं, आणि खर्च जवळजवळ निम्मा. यातली गंमत अशी, की राजधानी लिंकनमधलं चारशे फुटी मनोऱ्याचं विधानभवन १९३२ साली पुरं झालं होतं, दोन सभागृहांसाठी दोन भव्य दालनं बांधून. दोन वर्षांत लोकांनी एक सभागृहच काढून टाकलं. ते दालन आज समारंभांना वापरतात. आपल्याकडे असं दालन रिकामं झालं असतं, तर त्यात एक महामंडळ नक्की बसलं असतं. (हशा, टाळ्या)

आणि अर्नी चेंबर्स. हे राहिले तर मी घरी जाणार नाही. ओमाहा शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतले, केशकर्तनालयात काम करत कायदा शिकलेले. १९७१पासून एकूण सेहेचाळीस वर्षं आमदार. सगळे कोट-टायमध्ये, हे सुती बंडीत. एकटा माणूस नियमांचं पुस्तक हातात घेऊन तासन्‌तास सभागृह अडवून धरायचा. शेवटी २००० साली लोकांनी सलग दोनच मुदतींची मर्यादा घातली. रोख कुणावर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेंबर्स चार वर्षं घरी बसले आणि २०१२ला पुन्हा निवडून आले.

२००७ साली त्यांनी देवावर खटला भरला. पूर, वादळं, भूकंप, दहशत या सगळ्याबद्दल देवाला कायमचा मनाई हुकूम द्या म्हणाले. फालतू खटल्यांना बंदी घाला असं काही लोक म्हणत होते, तर चेंबर्स यांना दाखवायचं होतं की न्यायालयाचं दार सगळ्यांना उघडं हवं. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. कारण काय? प्रतिवादीचा पत्ता उपलब्ध नाही, समन्स बजावणार कसं! चेंबर्स म्हणाले, देव सर्वज्ञ आहे हे मान्य केलंत, तर त्याला नोटीस आपोआपच मिळाली. (जोरदार हशा) आपल्याकडे ही अडचण आली नसती. आपला देव कायद्याने व्यक्ती आहे, त्याच्या नावावर जमीन असते, सातबाऱ्यावर पत्ता सापडतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय. बरं. चेंबर्स यांनी फाशी रद्द करण्याचं विधेयक वर्षानुवर्षं मांडलं. २०१५ला ते झालं. राज्यपालांचा नकाराधिकार मोडायला ३० मतं लागत होती, बरोबर ३० पडली. पुढच्याच वर्षी मतदारांनी सार्वमताने फाशी परत आणली. मला तो निकाल पटत नाही. पण नॉरिस म्हणत होते ते दुसरं सभागृह हेच.

आता आपल्याकडे. देशात सहा राज्यांत विधान परिषद आहे, त्यांत महाराष्ट्र. विधानसभेत २८८, परिषदेत ७८. पश्चिम बंगालने १९६९ला आणि तमिळनाडूने १९८६ला परिषद बंद केली, त्यांचं काही अडलं नाही. लगेच कुणीतरी म्हणेल, रोजगार हमी योजना ज्यांनी उभी केली ते वि. स. पागे परिषदेचेच सभापती होते. मान्य. गदिमा तिथे होते, महानोर होते, हेही मान्य. पण पागे रोज सापडत नाहीत. पराभूत उमेदवारांची सोय मात्र दर वेळी होते. परिषद ठेवायचीच असेल, तर नेब्रास्काचा एक नियम तरी उचलावा : तिथे प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, आणि कुणीही नागरिक उठून बोलू शकतो. यावर अजून बोलायचं होतं.

राहिलेला इतिहास धावतच घेऊ. १८५४ला नेब्रास्का केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश झाला. गुलामी ठेवायची की नाही हे रहिवाशांनी ठरवावं, या कलमाने देश पेटला. १८६२च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर फुकट. पहिला अर्ज डॅनियल फ्रीमन यांचा, नेब्रास्कातलाच. १८६७ला राज्य झालं, तेही राष्ट्राध्यक्षांचा नकार मोडून. राजधानी ओमाहाहून दक्षिणेकडे जाऊ नये म्हणून ओमाहाच्या एका सदस्याने तिला मुद्दाम अब्राहम लिंकनचं नाव सुचवलं. राज्याच्या दक्षिणेकडच्या डेमोक्रॅटांना ते सोसणार नाही असा हिशेब. त्यांनी ते सोसलं, राजधानी गेली.

माणसं : पोन्का जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर. मुलाचं प्रेत पूर्वजांच्या भूमीत पुरायला निघाले म्हणून पकडले गेले. १८७९ला ओमाहात न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की आदिवासी हाही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे. खरं तर आजचं व्याख्यान यांच्यावरच व्हायला हवं होतं. विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तीनदा पडले. १९०६च्या सुमारास हिंदुस्थान पाहून इंग्रजी राज्यावर सडकून लिहिलं. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचा जन्म ओमाहाचा, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचाही. आणि शेअरबाजाराचे बादशहा वॉरन बफेट तर ओमाहा सोडतच नाहीत.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न विचारा. शेअर कुठले घ्यावेत, हे मात्र मला विचारू नका.